मदत हवी आहे: वॅगन मेंटेनन्स घेऊ की यार्ड ऑपरेशन्स?

मंडळी, मालगाड्यांच्या टर्मिनलमधल्या दोन जागा समोर आहेत आणि काही केल्या ठरत नाहीये. एक मेकॅनिकलची, म्हणजे वॅगन तपासणी-दुरुस्ती, ब्रेक ब्लॉक बदलणं, चाकाची फ्लँज (चाक रुळावर धरून ठेवणारी आतली कड) गेज लावून बघणं, गाडी सुटायच्या आधी ब्रेक पाइपचं प्रेशर आणि लीकेज चेक करणं वगैरे. दुसरी यार्डातली, शंटिंग (वॅगन हलवून जोडणं-सोडणं), रेक (जोडलेल्या वॅगनची अख्खी रांग) लावणं, लोडिंग-अनलोडिंगचं गणित सांभाळणं.

मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सध्या कारखान्यात कॉम्प्रेसर आणि हायड्रॉलिक्सच्या मेंटेनन्सला आहे त्यामुळे एअर ब्रेकचं लॉजिक (पाइपमधलं प्रेशर कमी झालं की ब्रेक लागतो, आधी उलटंच वाटतं) डोक्यात बसलंय. चष्मा आहे पण रंग ओळखायच्या टेस्टमध्ये पास, नाइट शिफ्ट चालेल, उन्हापावसात कामालाही ना नाही. पगार दोन्हीकडे जवळपास सारखाच, तो मुद्दा सोडा. एचआरला विचारलं तर म्हणे "दोन्हीकडे ग्रोथ आहे", आता हे तर सगळेच म्हणतात. यार्डातल्या एकाशी बोललो पण तोही नवीनच.

ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केलंय त्यांनी सांगा, मेकॅनिकलमधून पुढे टर्मिनल सुपरवायझरच्या लाइनला जाता येतं का, की त्यासाठी सुरुवातच यार्डातून करावी लागते?