गाइडच्या गळ्यातलं ओळखपत्र

परवाना नसलेल्या गाइडना कित्येक शहरांत मनाई आहे. फिरताना, किंवा स्वतः गाइडचं काम करताना, या नियमाशी तुमची कधी गाठ पडली? जसं घडलं तसं लिहा.

*

रोमला कोलोसियमबाहेर एकाने आम्हाला गाठलं. बोलणं गोड, पैसे मात्र आधी. आत जेमतेम दहा मिनिटं झाली आणि पहारेकऱ्याने त्याला बाजूला घेतलं. इटलीत गाइडला परवाना लागतो, याच्याकडे नव्हता. पुढचं सगळं आम्ही मुकाट्याने बघितलं. पैशांचं दुःख नाही, पण आई किती वर्षांपासून तिथे जायचं म्हणत होती! नियम हवाच.

*

वाचून वाईट वाटलं. माझी बाजू मात्र उलटी आहे. अमेरिकेत चार्ल्स्टनला शिकत असताना मला गाइड व्हायचं होतं. तेव्हा २०० प्रश्नांची लेखी परीक्षा असे आणि तयारीसाठी जवळपास ५०० पानांचं पुस्तक. मला सांगायचं होतं ते तिथल्या गुलामांच्या बाजाराबद्दल. रात्ररात्र पाठ केली ती जुन्या घरांची वर्णनं. नापास झाले. २०१८ मध्ये न्यायालयाने ती सक्ती रद्द केली, २०२० मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच म्हटलं: गाइडचं काम म्हणजे बोलणंच, त्याला भाषणस्वातंत्र्य आहे, आणि ते बंद करण्याआधी शहराने सौम्य उपाय करून पाहिले नव्हते. तोवर मी ते शहर सोडलं होतं. अजून रुखरुख आहे.

*

न्यू ऑर्लिन्सचा असाच नियम २०१४ मध्ये न्यायालयात टिकला, वॉशिंग्टनचा त्याच वर्षी पडला. दोन्हीकडे प्रश्न तोच!

*

मी पॅरिसमध्ये कार्डधारक गाइड आहे. संग्रहालयात गट न्यायचा तर कार्ड लागतं, रस्त्यावर कोणी विचारत नाही. माझी शिकण्यातली वर्षं गेली आहेत; मागून येऊन कुणी चुकीच्या सनावळ्या सांगतो तेव्हा जीव तुटतो.

*

लंडनला रस्त्यावर कुणीही गाइड होऊ शकतो. आम्हाला फिरवणाऱ्या तरुण गाइडकडे ब्लू बॅज, म्हणजे तिथल्या प्रशिक्षित गाइडचं ओळखचिन्ह, नव्हता, पण इतकं जीव ओतून सांगणारा मी दुसरा पाहिला नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दाराशी तो थांबला. आत गट फिरवायची त्याला परवानगी नव्हती आणि हे त्याने सकाळीच सांगितलं होतं. जाताना हातात कागद ठेवला: आत काय बघायचं, कोणत्या क्रमाने.