'टेल मी' चालतं, मग 'एक्स्प्लेन मी' का नाही? दोन कर्मांची वाक्यं शिकवायची कशी?

मुक्ता:
परवा सातवीच्या एका वहीत वाक्य होतं, 'माय ब्रदर एक्स्प्लेन्ड मी द मॅप.' मी लाल शाईने 'द मॅप' पुढे आणलं, 'मी'च्या आधी 'टु' घातला. मुलगी वही घेऊन परत आली. "बाई, 'टोल्ड मी अ स्टोरी' चालतं ना? मग हे का नाही?" मी म्हटलं, "ते तसंच असतं." ती गप्प बसली. माझं ते उत्तर मलाच तेव्हापासून टोचतंय.

'कोणाला' आणि 'काय' अशी दोन कर्मं घेणारी क्रियापदं म्हणजे द्विकर्मक. आपण वर्गात पहिल्याच तासाला रूपांतर करून घेतो: 'शी गेव्ह मी अ पेन', 'शी गेव्ह अ पेन टु मी', दोन्ही एकच. माझ्या मते चूक इथेच पेरली जाते. 'एक्स्प्लेन द मॅप टु मी' बरोबर असेल, तर मूल ते उलटं फिरवणारच. 'सजेस्ट मी अ बुक', 'से मी द आन्सर' ही त्याचीच भावंडं. शिवाय मराठी त्याला पाठिंबा देते: मला सांग, मला समजाव, मला सुचव, सगळीकडे 'मला'. तेव्हा रूपांतराचा सराव बंद करा आणि पहिली दोन वर्षं फक्त 'टु'चं वाक्य शिकवा. ते कधी चुकत नाही.

जुना मास्तर:
मुक्ताताई, शेवटचं वाक्य मागे घ्या. 'इट कॉस्ट मी टू डेज' हे 'टु' घालून लिहून दाखवा. 'द नॉइज गेव्ह मी अ हेडेक' याचं 'गेव्ह अ हेडेक टु मी' केलंत तर कोणी तरी डोकेदुखी पुडीत बांधून हातात दिल्यासारखं वाटतं. 'शी गेव्ह द डोअर अ किक' याचंही तेच.

आणि 'फॉर' कुठे गेला? 'ही बॉट मी अ पेन' याचं दुसरं रूप 'बॉट अ पेन फॉर मी' आहे. 'टु' एके 'टु' शिकलेलं पोर 'बॉट अ पेन टु मी' लिहिणार. 'गिव्ह', 'सेंड', 'शो' यांत वस्तू समोरच्याकडे जाते, म्हणून 'टु'. 'बाय', 'मेक', 'कुक' यांत त्याच्यासाठी काही केलं जातं, म्हणून 'फॉर'. हा फरक मुलांना रूपांतर करतानाच कळतो. मी इतकी वर्षं तोच सराव घेतोय आणि सोडणार नाही.

भाषाभ्यासक:
त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे, निदान बरंचसं. दोन कर्मं शेजारी ठेवली की वाक्य सुचवतं, शेवटी वस्तू त्या माणसाकडे आली. म्हणून 'आय सेंट माय सिस्टर अ पार्सल' ठीक, पण 'आय सेंट द स्टेशन अ पार्सल' विचित्र. स्टेशन काही घेणारं नव्हे, ते नुसतं ठिकाण.

दुसरं, क्रियापदाचं कूळ. 'गिव्ह', 'टेल', 'सेंड', 'शो' ही इंग्रजीची जुनी घरची, छोटी. 'एक्स्प्लेन', 'डोनेट', 'डिस्क्राइब', 'सजेस्ट' लॅटिनकडून आलेली, आणि ती बहुधा दोन कर्मं शेजारी घेत नाहीत. स्टीव्हन पिंकर यांनी १९८९ साली याच प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं: मुलाला कोणी न सांगता कुठलं क्रियापद फिरतं आणि कुठलं नाही, हे कसं कळतं? तिसरं, बोलण्याची ढब सांगणारी क्रियापदं. 'व्हिस्पर', 'शाउट' घरचीच, तरी 'व्हिस्पर्ड मी द आन्सर' होत नाही.

मुक्ता:
'प्रॉमिस' आणि 'असाइन' लॅटिनचीच ना? 'प्रॉमिस्ड मी अ जॉब' सगळे म्हणतात.

भाषाभ्यासक:
बरोबर पकडलंत. 'प्रॉमिस'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे, त्यामुळे ते कानाला घरच्यासारखं लागतं. 'असाइन'ला तेही लागू नाही. नियम गळतो, पण 'ते तसंच असतं' यापेक्षा पुष्कळ पुढे नेतो.

अनुवादवेडी:
मला यातली मराठी बाजू महत्त्वाची वाटते. 'मी ताईला पुस्तक दिलं', 'पुस्तक मी ताईला दिलं', कसंही फिरवा, 'ला' ताईला सोडत नाही. जुन्या इंग्रजीतही नामांना असे विभक्तिप्रत्यय होते. ११०० नंतरच्या दोनेक शतकांत ते झिजले आणि त्यांचं काम जागेने आणि 'टु'ने उचललं. म्हणून 'गेव्ह द बॉय द बुक' मधली जागा बदलली की पुस्तकाला मुलगा मिळतो! पोरांना आधी हे दाखवा.

खरी अडचण पुढे कर्मणीमध्ये येते. 'मला पुस्तक दिलं गेलं' यात 'मला' हलत नाही. इंग्रजीत 'आय वॉज गिव्हन अ बुक', म्हणजे घेणारा थेट कर्ता होतो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मजकुरात 'टु मी वॉज गिव्हन' हे हमखास सापडतं.

सरळमार्गी:
'एक्स्प्लेन मी' म्हटलं तर कोणाला कळत नाही? उत्तर इंग्लंडातले काही लोक 'गिव्ह इट मी' म्हणतात, त्यांना कोणी लाल शाई लावत नाही. मुलं बोलायला लागली की त्यांना 'टु'साठी अडवणं मला पटत नाही. त्या भीतीनेच ती तोंड मिटतात.

जुना मास्तर:
बोलताना मीही अडवत नाही. पण 'गिव्ह इट मी' त्यांच्या घराघरात रुजलंय, 'एक्स्प्लेन मी' आपल्या 'मला'ची सावली आहे. लेखी अर्जात ते वाचणाऱ्याला अडखळवतं आणि नुकसान पोराचं होतं.

भाषाभ्यासक:
एका बाबतीत मी मुक्ताताईंच्या बाजूने आहे. दोन्ही वाक्यं एकच, असं सांगू नये. जोन ब्रेस्नन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली टेलिफोनवरच्या संभाषणांतली अशी वाक्यं तपासली. जे आधीच बोलण्यात आलंय, जे छोटं आहे, सर्वनाम आहे, ते बहुधा आधी येतं, नवं आणि लांबलचक मागे. म्हणून 'गेव्ह हर अ पेन', पण 'गेव्ह द पेन टु द गर्ल हू वॉज सिटिंग बाय द विंडो'.

मुक्ता:
'कधी चुकत नाही' मागे घेतलं. रूपांतर मात्र मी आता क्रियापद बघूनच घेणार, सरसकट नाही. आज त्या मुलीला बोलावून 'टेल' आणि 'एक्स्प्लेन'चं कूळ सांगितलं. तिने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले. 'आस्क' डावीकडे लिहिलं, 'व्हिस्पर' उजवीकडे. मग 'टीच'पाशी थांबून स्वतःशीच 'टीच मी' म्हणून बघितलं आणि ते डावीकडे टाकलं.

जुना मास्तर:
तिला 'बाय' कुठल्या रकान्यात टाकते ते विचारा. तिथे तिसरा रकाना लागेल, आणि तो रूपांतराशिवाय पाडता यायचा नाही.