‘स्वस्तात बादशाही’ म्हणणाऱ्यांनी आधी गाडीखाली वाकून बघावं

तेरा नंबर पाना

कालपासून एक पोस्ट फिरतेय: “दहा वर्षं जुनी जर्मन सेडान नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते. सर्व्हिस बुक भरलेलं असलं की डोळे झाकून घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तर लाइफटाइम असतं, म्हणजे तो खर्चच नाही.” त्यावर सगळे माना डोलावतायत, म्हणून हे सविस्तर.

गाडीची किंमत पडते, सुट्या भागांची पडत नाही. गाडी तिसऱ्या मालकाकडे गेलीय हे वॉटर पंपाला कोण सांगणार? शिवाय लाख-सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास वॉटर पंप, थर्मोस्टॅट, चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट ही मंडळी एकदमच दारात उभी राहतात, आणि नेमकी तेव्हाच गाडी विकायला निघते. सर्व्हिस बुकात इंजिन ऑइलचे शिक्के असतात. बुशचा शिक्का कुणी मारत नाही.

बीएमडब्ल्यूची एन५२, एन५४ इंजिनं घ्या. वॉटर पंप इलेक्ट्रिक, बहुतेक वेळा आधी थेंबसुद्धा न गाळता चालता चालता बंद पडतो. तो काढलाच आहे तर थर्मोस्टॅटही बदलायचा, दोघांकडे जायची वाट एकच. एन५२ च्या मॅग्नेशियम ब्लॉकला अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट असतात, ते पुन्हा वापरायचे नाहीत. मग कूलंटमधली हवा काढायची: बॅटरीला चार्जर, इग्निशन चालू, इंजिन बंद, हीटर पूर्ण गरम, पंखा सगळ्यात कमी, अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद तळापर्यंत. पंप आपला आपण बारा मिनिटं घरघरतो. हे टाळून नुसतं कूलंट ओतून गाडी हातात देणारे कमी नाहीत.

सरळ सहा

पाना, मुद्दे बरोबर, निष्कर्ष चूक. सगळ्या लक्झरी गाड्या एकाच मोटेत बांधल्यात. बीएमडब्ल्यूच्याच एन४७ डिझेलची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मर्सिडीजच्या सुरुवातीच्या एम२७२ व्ही६ मध्ये इंजिनची थरथर शमवणाऱ्या बॅलन्स शाफ्टचे दाते झिजतात, तिथेही इंजिन बाहेर. त्यांना खुशाल पांढरा हत्ती म्हणा. ही यादी जगाला पाठ आहे, तरी लोक आधी सीटचा रंग बघतात आणि इंजिन नंबर घरी आल्यावर.

आणि खर्च शोरूमच्या बिलावर का मोजता? बऱ्याच गाड्यांचे आर्म लेमफर्डर या कंपनीचे, गिअरबॉक्स झेडएफ या कंपनीचा. तोच भाग गाडीच्या कंपनीचा शिक्का खरवडून दुसऱ्या डब्यात मिळतो.

कोपरा बसला

आर्म स्वस्तात मिळेल हो, पण एअर सस्पेन्शनचं काय? तिथे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. गाडी हवा भरलेल्या रबरी स्प्रिंगांवर उभी असते, आणि ते रबर खालच्या घडीपाशी चिरतं. गळती भरून काढायला कंप्रेसर दिवसभर धावतो आणि जळतो. मेकॅनिक कंप्रेसर बदलून मोकळा, चीर तशीच. मग नवा कंप्रेसरही त्याच वाटेने जातो.

घेण्याआधी गाडी रात्रभर उभी ठेवा. चारही चाकांवर फेंडरच्या कडेपर्यंतची उंची संध्याकाळी मोजा, सकाळी पुन्हा मोजा. एकच कोपरा बसला तर आधी तिथली स्प्रिंग आणि पाइपचा जोड, साबणाच्या पाण्याने बुडबुडे दिसतात. बुडबुडे नाहीत तर चाकांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉककडे वळा. कंप्रेसर बदलताना त्याला वीज देणारा रिलेही बदला, त्याचे पॉइंट चिकटले की कंप्रेसर थांबतच नाही. आणि नवी स्प्रिंग बसवल्यावर हवा भरल्याशिवाय गाडी जॅकवरून खाली घेऊ नका. रिकामं रबर उलटं दुमडतं आणि पहिल्याच वजनाला फाटतं.

डिपस्टिक

सस्पेन्शन राहू दे बाजूला. लाइफटाइम तेलाची एवढी टिंगल कशासाठी? गाडी बनवणारे इंजिनिअर खुळे आणि आपण शहाणे? जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो चार दिवसांत घसरायला लागतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

तेरा नंबर पाना

“सगळ्यांना माहीत आहे” हा पुरावा झाला? लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ ते विचारा. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणते. लाइफटाइम गाडीवाल्यांनी म्हटलं.

तेल बदलल्यावर बॉक्स मरतो असं वाटतं, कारण लोक तेल बदलायला जातातच मुळी तो घसरायला लागल्यावर. क्लच आधीच जळलेले असतात.

डिपस्टिक

सगळेच काही मेल्यावर जात नाहीत. मशीनने दाबाने तेल ढकलून, म्हणजे प्रेशर फ्लश करून, धडधाकट बॉक्स बिघडवलेले ढिगाने आहेत. त्याबद्दल बोला.

कोपरा बसला

डिपस्टिकशी वाद नको, झेडएफच्या आठ-स्पीड बॉक्सला तेल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिकच, नसते :)

सरळ सहा

विनोद बाजूला ठेवा, बहुतेक बिघाड लेव्हल चुकवल्यानेच होतात. त्या बॉक्सखालचा तेलाचा पॅन प्लॅस्टिकचा, फिल्टर त्याच्यातच, म्हणून पॅनच बदलतात. निथळायचा प्लग सोडण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा, नाहीतर तेल खाली आणि भरायला भोक बंद. पॅनमधून सगळं तेल येत नाही, बरंचसं इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. गाडी चारही बाजूंनी समतल. भोकातून सांडेपर्यंत भरा, इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय ठेवून आर, एन, डी फिरवा. स्कॅनरवर तेलाचं तापमान ४० अंशांच्या आसपास आलं की भरायचा प्लग पुन्हा उघडा. बारीक धार यायला हवी, ती थेंबांवर आली की प्लग बंद. काहीच आलं नाही तर आणखी भरा. तेल ७० अंशांवर असताना हेच केलंत तर फुगलेलं तेल जास्त सांडतं, आणि थंड झाल्यावर बॉक्स उपाशी. मग डी टाकल्यावर गाडी क्षणभर थांबते आणि धक्का देऊन निघते. दोष मात्र नव्या तेलाला.

डिपस्टिक

ठीक. पॅन उघडून, तापमान बघून, प्रेशर न लावता बदललं तर चालेल. पण मग तुमचं म्हणणं “तेल बदला” एवढंच नव्हतं, “नीट बदला” असं होतं. तसं आधी लिहायचं होतंत.

तेरा नंबर पाना

नीट न बदलायचा सल्ला कुणी दिला होता? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मधली सीट

तुम्ही तेलात बुडालात. जुन्या ई-क्लासबद्दल कुणीच बोललं नाही. २००६ च्या फेसलिफ्टआधीच्या डब्ल्यू२११ पिढीच्या ई-क्लासला एसबीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पंपावर चालणारे, ब्रेक आहेत, पंपाचं युनिट ब्रेक किती वेळा दाबले ते मोजतं आणि हिशोब भरला की बदला म्हणतं. पॅड बदलताना सिस्टीम स्कॅनरने झोपवली नाही तर नुसतं दार उघडल्यावरही ती प्रेशर भरते, बोटं कॅलिपरमध्ये असतील तर कल्याण. शिवाय बॅटरी! बीएमडब्ल्यूत नवी टाकून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये रजिस्टर न करणाऱ्यांना काय म्हणावं. गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत राहते.

डिपस्टिक

बॅटरीचा इथे काय संबंध?

सरळ सहा

तुमच्या तेलाचा जेवढा होता तेवढाच. पाना, माझा मूळ मुद्दा अजून तसाच आहे: इंजिन निवडून, लिफ्टवर चढवून, थंड असताना पहिला स्टार्ट ऐकून घेतली तर ही गाडी परवडते.

तेरा नंबर पाना

परवडते, घ्यायच्या दिवशीच पंप, थर्मोस्टॅट, आर्म आणि गिअरबॉक्सचं तेल एवढे पैसे बाजूला काढून ठेवलेत तर. मग ती हॅचबॅकच्या भावातली राहिली का, तेवढं सांगा.

सरळ सहा

नाही राहिली. पण हॅचबॅकला सहा सिलिंडर कुठून आणणार?