रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणजे सगळंच ठीक?

वर कुणीतरी लिहिलंय की रक्त तपासलं, सगळं निगेटिव्ह आलं, म्हणजे कुठलाच गुप्तरोग नाही. हे अर्धंच खरं आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस (गरमी) रक्तात कळतात. पण क्लॅमिडिया आणि गनोरिया (परमा) शोधायला लघवी किंवा स्वॅब द्यावा लागतो. स्वॅबही जिथे संबंध आला तिथला, म्हणजे प्रसंगी घशाचा किंवा गुदद्वाराचासुद्धा. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, तेव्हा संकोच न करता सांगा. क्लॅमिडियाची बायकांमध्ये बहुतेकदा काहीच लक्षणं दिसत नाहीत आणि आतल्या आत गर्भनलिका खराब होऊ शकतात, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितेय.

सिफिलिसचा पहिला व्रण तर हमखास फसवतो. लागण झाल्यावर साधारण 3 आठवड्यांनी उठतो. गोल, कडेने टणक, आणि सहसा अजिबात दुखत नाही. औषध न घेताही 3 ते 6 आठवड्यांत भरून येतो. माणूस सुटलो म्हणतो, पण जिवाणू अंगातच असतात. याच टप्प्यावर पेनिसिलिन घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो. मात्र जोडीदाराचेही उपचार त्याच वेळी करून घ्या, नाहीतर लागण पुन्हा होऊ शकते.