मदत हवी आहे: अनड्युलेटरचे चुंबक जवळ आणले की फोटॉनची ऊर्जा घटते, ती का?

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावीला विज्ञान शिकवतो. शनिवारी मुलांना इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनबद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉन रिंगमध्ये फिरवून त्यांच्यापासून प्रकाश मिळवणाऱ्या यंत्राबद्दल, सांगत होतो. जुन्या स्पीकरचे चुंबक दोन लाकडी पट्ट्यांवर उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे चिकटवून अनड्युलेटरचा नमुना नेला होता. मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन नागमोडी जातो आणि वळताना प्रकाश सोडतो, इथवर मुलांना पटलं.

पुढे म्हणालो, पट्ट्या जवळ आणल्या की क्षेत्र वाढतं आणि तरंगलांबीही वाढते, म्हणजे फोटॉनची ऊर्जा घटते. एक मुलगी लगेच उठली, "सर, झटका जोरात बसला तर ऊर्जा वाढायला नको का?" फळ्यावर सूत्र लिहिलं. त्याने तिचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही. पुढल्या वर्षी ही मुलं बेळगावला इंग्रजीतून सायन्स घेतील. त्याआधी हे मराठीत नीट कळायला हवं. कृपया सोपं करून सांगा.

प्रतिसाद
सर, मुलीचा प्रश्न अगदी नेमका आहे. चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनला फक्त वळवतं, त्याचा वेग वाढवत नाही. चोर्ला घाट आठवा: स्पीडोमीटरचा काटा तोच, पण वळणं जास्त असली की गोव्याला पोचायला उशीर. इलेक्ट्रॉनचंही तसंच, आणि त्याने सोडलेला प्रकाश मात्र सरळ जातो. चुंबकांच्या एका आवर्तनात (उत्तर-दक्षिणची एक जोडी) प्रकाश इलेक्ट्रॉनच्या जितका पुढे निघतो, तितकी समोरच्या दिशेला तरंगलांबी. वळण मोठं, तर इलेक्ट्रॉन जास्त मागे, म्हणून तरंगलांबी मोठी. एकूण प्रकाश मात्र वाढतो, तेव्हा जोरदार झटका वाया जात नाही.

आकडेही सांगा. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे गॅमा (ही ऊर्जा स्थिर इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या किती पट, तो आकडा) सुमारे ४९००. आवर्तन ५ सेंमी धरलं आणि क्षेत्र अगदी क्षीण असलं, तर तरंगलांबी ५ सेंमी भागिले गॅमाच्या वर्गाची दुप्पट, साधारण १ नॅनोमीटर. सूत्रातला के, म्हणजे इलेक्ट्रॉन किती जोरात वळतो ते सांगणारा आकडा, १ झाला की तीच दीडपट. बोटाएवढ्या चुंबकांतून क्ष-किरण! पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमची रचना सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनीच उलगडली, २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच.

धागाकर्ता
मनापासून आभार. फळीवर दोन खिळे ठोकून एक दोरा सरळ आणि एक नागमोडी लावून दाखवतो, फरक मुलंच मोजतील. एक राहिलं: प्रकाशात गेलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनला परत कोण देतं?

प्रतिसाद
रिंगमधली आरएफ कॅव्हिटी, म्हणजे रेडिओ लहरींच्या विद्युत क्षेत्राने इलेक्ट्रॉनला पुढे ढकलणारी धातूची पोकळी, दर फेरीला.