गर्भपात कमी व्हावेत असं वाटतं, मग बाळंतपणाच्या खर्चाचं काय?

मुक्ता_ओहायो
जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक हक्क मानणारा १९७३ चा 'रो' निकाल रद्द केला आणि गर्भपाताचा प्रश्न राज्यांवर सोपवला. तेव्हापासून सगळा वाद बंदी हवी की नको, एवढ्यावरच अडलाय. इथे गर्भपात करून घेणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका आधीच आई असतात आणि बहुतेकींच्या घरी पैशाची ओढाताण असते. देशभर लागू अशी पगारी बाळंतपणाची रजा नाही. १९९३ च्या कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची, बिनपगारी, तीही सगळ्यांना नाही. २०२१ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३६०० डॉलरपर्यंत मदत मिळू लागली. त्या कायद्याला बंदीच्या बाजूच्या रिपब्लिकन पक्षाच्या एकाही खासदाराने मत दिलं नाही आणि वर्षभरात वाढीव मदत संपली. मूल जन्माला घालाच असं सांगायचं आणि ते आल्यावर हात आखडता घ्यायचा, याची मला चीड येते.

श्रीरंग_देव
मुक्ताताई, अर्धीच गोष्ट सांगताय. ती मदत पुढे चालू ठेवायला आडवे आले ते सिनेटर जो मॅन्चिन, म्हणजे तेव्हाचे डेमोक्रॅटच. आणि ज्या मिसिसिपीच्या खटल्यातून 'रो' गेला, तिथल्याच रिपब्लिकन गव्हर्नरने २०२३ मध्ये बाळंतिणीचा मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, वर्षभरापर्यंत वाढवला.
पैशाने गर्भपात थांबतात हेही खरं नाही. स्वीडनमध्ये आईबापांना मिळून ४८० दिवसांची पगारी रजा आहे, तरी तिथलं प्रमाण अमेरिकेपेक्षा कमी नाही. पोटातला जीव हा जीव मानला, तर रजेचा कायदा होईपर्यंत त्याने थांबायचं का?

वैदेही_पुणे
आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे, पण निवडणुकीत त्यावर कुणी मतं मागत नाही. म्हणून बंदीच्या वादापेक्षा मला तुमच्याकडचं कोलोरॅडो राज्य महत्त्वाचं वाटतं. २००९ पासून तिथल्या दवाखान्यांनी तांबीसारखी साधनं आणि दंडात बसवायचं इम्प्लांट फुकट दिलं. काही वर्षांत किशोरवयीन मुलींची बाळंतपणं आणि गर्भपात, दोन्ही निम्म्यावर आले. पैसा खाजगी देणगीचा होता. २०१५ मध्ये सरकारी निधीचं विधेयक आलं, ते राज्याच्या रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटमध्ये अडलं. श्रीरंगदादा, इथे जीव वाचत नव्हते का?

श्रीरंग_देव
वाचत होते. तो निधी अडवणं चूकच, आणि पुढच्या वर्षी तो मिळाला. पण दुसऱ्या पक्षाने काय केलं? पेनसिल्व्हेनियाचे बॉब केसी कामगारांच्या बाजूचे, गरीब मुलांना आरोग्यविमा देणारे आणि गर्भपाताच्या विरोधातले डेमोक्रॅट गव्हर्नर होते. १९९२ च्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांना बोलू दिलं नाही. मलाही गर्भ वाचायला हवा आणि आईला आधारही. मी मत कुणाला द्यायचं?

मुक्ता_ओहायो
केसींना बोलू द्यायला हवं होतं. पण श्रीरंगदादा, आईचा निर्णय सरकारने घ्यायचा हे मला कधीच मान्य होणार नाही. ओहायोत २०२३ मध्ये सुमारे ५७ टक्के लोकांनी गर्भपाताचा हक्क ओहायो राज्याच्या घटनेत घातला. त्यात रिपब्लिकनांना मतं देणारेही होते. स्वीडनचं म्हणाल, तर जी बाई 'मूल हवंय, पण परवडत नाही' म्हणते तिचं उत्तर त्या आकड्यात नाही. देशातली दहापैकी चार बाळंतपणं मेडिकेडवर होतात. २०२५ च्या कायद्याने त्याच मेडिकेडला मोठी कात्री लावली. तुमच्या खासदाराने त्याला होकार दिला असेल तर जाब विचाराल?

श्रीरंग_देव
विचारेन, लेखी विचारेन. बंदीचा आग्रह मात्र सोडणार नाही.