वाई बघायला गाईड लागतो का? ('दीड तासात वाई'वरून)

पायीपायी_सातारा
काल ही पोस्ट तीन ग्रुपवर फिरत आली: "दीड तासात वाई! गाईड नको, मोबाईल पुरे. पेशव्यांनी बांधलेला ढोल्या गणपती, मेणवलीची इंग्रजांनी भेट दिलेली घंटा, मिसळ, परत सातारा." चार ओळी, त्यात दोन थापा. ढोल्या गणपतीचं, म्हणजे महागणपतीचं देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांचं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई रास्त्यांच्या घरच्या, म्हणजे पेशव्यांची सोयरीक खरी. पण देऊळ रास्त्यांचंच. घंटेवर साल १७०७ आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. १७३९ ला चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यानंतर ती घाट चढून वर आली. इंग्रज यात कुठनं घुसले? असलं वाचून लोक फिरणार असतील तर गाईड सक्तीचा करा.

कृष्णाकाठ
चूक पोस्टवाल्याची आणि शिक्षा एकट्यानं फिरणाऱ्याला? वाई गाईडशिवाय झकास होते. फिरणाऱ्याला सनावळी कमी द्या, कुठं उभं राहायचं ते सांगा.

सकाळी सातला गणपती आळीचा घाट गाठा. देव पूर्वाभिमुख, म्हणजे तेव्हा उजेड समोरून. दर्शन झालं की पाठीमागं, नदीच्या अंगाला जा. नव्वद टक्के मंडळी इथंच गंडतात, दारातनं आत आणि दारातनं बाहेर. मागची भिंत सपाट नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती केलीय. नदी पश्चिमेकडनं येते, टोकही तिकडंच. पुराचं पाणी टोकावर फाटतं आणि दोन्ही बाजूंनी सरकून जातं. आख्ख्या वाईत एकच गोष्ट बघायची झाली तर ही. मग शेजारी काशीविश्वेश्वर (१७५७, आनंदराव रास्ते), तिथला काळ्या दगडाचा नंदी. त्याच्या अंगावरचे दागिने हातभर अंतरावरून बघा, लांबनं फोटो काढून पळू नका. पुढं मधली आळी, गंगापुरी. मेणवली तीन किलोमीटर, रिक्षा करा. आधी घाट, मग नाना फडणवीसांचा वाडा. वाडा खाजगी आहे, शूटिंग लागलं की बंद. निघण्याआधी चौकशी करा. तिकिटाला सुटे पैसे ठेवा. एकूण साडेतीन ते चार तास. दीड नाही.

आळीतला
हे वाचायला छान. आता काय बिघडतं ते ऐका. मोबाईलचा नकाशा देवळाची खूण रस्त्याच्या बाजूला दाखवतो, त्यामुळं गाड्या सरळ आळीत घुसतात आणि समोरून टेम्पो आला की दोघंही अडकतात. गाडी बाहेर लावून चालत या, एवढं एक वाक्य त्या पोस्टमध्ये असतं तर उपकार झाले असते. दुसरं, अकरानंतर उन्हात काळा दगड असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. पिशवीत जाड मोजे ठेवा. तिसरं, धोम धरणाचा विसर्ग वाढला की खालच्या पायऱ्या पाण्यात जातात, कधी देवळातही पाणी येतं. तेव्हा 'मागची भिंत बघा' म्हणून कुणाला खाली पाठवू नका. पाणी उतरल्यावरही आठवडाभर शेवाळ असतं. कृष्णाबाईच्या (नदीच्या) उत्सवात आळीआळीनं घाटावर मांडव पडतो, तेव्हा तुमचा मार्ग बोंबलला. संकष्टीचं तर नावच नको.

चुना_सुर्खी
सगळे भिंतीकडं बघा म्हणताय, भिंतीत काय भरलंय ते कुणी बघत नाही. घाटाच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, जिथं सिमेंटनं भरल्यात तिथं दगडाच्या कडा खपल्या होऊन सुटतात. जुना चुना महिनाभर भिजवून, वाळू-सुर्खी (विटांची भुकटी) घालून चुन्याच्या घाण्यात मळायचे, गूळ-हिरड्याचं पाणी घालायचे. वाईच्या पायी फेरीत, वॉकमध्ये, हे पहिलं दाखवा.

काळापाषाण
वॉकचा धागा आहे, गवंडीकामाचा नाही. आणि चुकीचं तरी सांगू नका. खपल्या वाळूच्या दगडाच्या निघतात. आपला काळा पाषाण घट्ट, त्यात पाणी मुरतं किती? सिमेंटच्या नावानं शिमगा करायची फॅशनच झालीय.

चुना_सुर्खी
फॅशन? पाणी दगडातनं जात नाही, सांध्यातनं जातं! घाटाच्या पायऱ्यांमागं माती-मुरमाची भर असते. पूर चढला की ती भिजते. पूर झपाट्यानं उतरला की नदी खाली जाते, पण भरीतलं पाणी मागंच राहतं आणि बाहेर ढकलायला लागतं. चुन्याची दर्ज थोडी पाझरते, दाब सुटतो. सिमेंटनं तोंड बंद केलं की पायरी फुगते, मग दगड जागचा हलतो. ओळखायचं कसं? दर्जेवर नाण्याची कड हलक्या हातानं ओढा. पांढरट भुकटी आली तर चुना. करड्या रंगाची आणि नुसता ओरखडा उठला तर सिमेंट.

काळापाषाण
म्हणजे खपल्यांचा मुद्दा मागे घेतलात. आभारी आहे.

चुना_सुर्खी
खपल्यांचा घेतला. फुगलेल्या पायरीचा तुम्ही घ्या.

काळापाषाण
बरं, फुगण्याचं पटतंय. पण मग सिमेंट नुसतं खरवडून चुना भरा म्हणाल, तेही जमणार नाही. ब्रेकर लावला तर दगडाची कड सिमेंटच्या आधी उडते. छिन्नी-हातोडीनं, दर्जेच्या मधूनच फोडावं लागतं. आणि चुना भरल्यावर दोन आठवडे ओलं गोणपाट ठेवायला माणूस कोण देणार? नदीकाठी, पावसाळ्याच्या तोंडावर?

पायीपायी_सातारा
हे काय चाललंय? मी गाईडबद्दल विचारलं होतं.

कृष्णाकाठ
तुम्ही विचारलं नव्हतं, फर्मान काढलं होतं. आणि फुकटात दोन गाईड भांडताना मिळाले, अजून काय पाहिजे? देवळामागं उभं राहून हे सगळं दिसतं. पण नाण्याचं काम देवळाच्या भिंतीवर करू नका, घाटाच्या तुटक्या पायरीवर करा.

आळीतला
आणि नाणं ओढायला बसाल तेव्हा चपला पायरीवर सोडू नका. पाणी वाढलं की पहिल्या त्या जातात.